नाताळची सुट्टी संपताना घरात काय करावे

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून नाताळची सुट्टी आता दिवाळीइतकीच मोठी भेटीची वेळ झाली आहे. पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात नोकरी करणाऱ्या मुलांना दिवाळीत जेमतेम दोन-तीन दिवसांची रजा मिळते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र नातवंडांच्या शाळा बंद असतात, कार्यालयांतील कामही मंदावलेले असते, आणि त्यामुळे लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत काय किंवा मुरारच्या नव्या वसाहतींत काय, एकाच वेळी दोन-तीन बिऱ्हाडे येऊन उतरतात. ही सुट्टी कशी सुरू करावी हे कोणाला सांगावे लागत नाही. ती संपवावी कशी, याचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही, आणि शेवटचे दोन-तीन दिवस सामान बांधण्यात, गाडीच्या काळजीत आणि 'हे राहिले, ते राहिले' या घाईत निघून जातात. पुढे जे लिहिले आहे ते त्या शेवटच्या दिवसांसाठीच आहे.

माझे सांगणे थोडक्यात असे आहे, की निघण्याची कामे निघण्याच्या तीन दिवस आधी उरकावीत, म्हणजे शेवटचा दिवस सर्वांना मोकळा मिळतो. आणि त्या दिवसांतली माया गोडधोड खाऊ घालण्यापेक्षा मागे राहणाऱ्या माणसांचा भार हलका करण्यात दाखवावी. जे जातात त्यांच्यासमोर लगेच कार्यालय, शाळा आणि नवे वर्ष उभे असते. जे राहतात त्यांच्या वाट्याला एकदम रिकामे झालेले घर, न वाळलेल्या चादरींचा ढीग आणि कडाक्याची थंडी येते. म्हणून प्रत्येक काम ठरवताना 'हे आत्ता मी केले नाही, तर नंतर कोणाला करावे लागेल?' असे एकदा विचारून घ्यावे.

सुरुवात गाडीपासून करावी लागते, कारण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे धुके सगळे वेळापत्रक आपल्या हातात घेते. ग्वाल्हेरहून मुंबईकडे जाणारी पंजाब मेल असो, पुण्याकडे जाणारी झेलम असो किंवा गोवा एक्स्प्रेस असो, या गाड्या उत्तरेकडून, म्हणजे धुक्याच्या प्रदेशातूनच येतात आणि काही वेळा कित्येक तास उशिराने पोहोचतात. अशा वेळी साऱ्या घराने मध्यरात्रीपर्यंत कपडे घालून, सामान दाराशी ठेवून बसणे हा सुट्टीचा सर्वांत वाईट शेवट होय. गाडी आता कोणत्या स्टेशनावर आहे हे पाहण्याचे काम घरातील एकाच व्यक्तीकडे सोपवावे, ती शक्यतो तरुण असावी, आणि तिने मोबाईलवर किंवा १३९ या क्रमांकावर चौकशी करून बाकीच्यांना 'आता झोपा, मी उठवते' असे खात्रीने सांगावे. आजी-आजोबांनी स्टेशनावर येण्याचा हट्ट धरला तरी थंडीत फलाटावर उभे राहण्यापेक्षा घरच्या उंबऱ्यावर निरोप घेणे बरे, हे त्यांना आदल्या दिवशीच प्रेमाने पटवून द्यावे. ऐन वेळी सांगितले तर ते त्यांच्या मनाला लागते. गाडीला तीन तासांहून अधिक उशीर असेल आणि प्रवास रद्दच करायचा असेल, तर गाडी प्रत्यक्षात सुटण्यापूर्वी टीडीआर, म्हणजे रेल्वेकडे परताव्यासाठी करायचा अर्ज, भरल्यास तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात, हेही घरात एकाला ठाऊक असू द्यावे.

यानंतरचे काम अंथरुणा-पांघरुणांचे. पाहुण्यांसाठी काढलेल्या रजया, गाद्या आणि चादरी ही शेवटच्या दिवसाची सर्वांत मोठी अडचण असते, कारण या दिवसांत सकाळी दहा-अकरापर्यंत ऊन दिसत नाही आणि धुतलेली जाड चादर दोन-दोन दिवस दमट राहते. निघण्याच्या तीन दिवस आधी जास्तीच्या चादरी धुऊन टाकाव्यात आणि उरलेल्या दोन रात्रींसाठी मोजकीच पांघरुणे बाहेर ठेवावीत; मुलांना एका रजईत दोघांनी झोपायला एरवीही आवडतेच. कापसाची रजई धुता येत नाही, म्हणून तिला दुपारी गच्चीवर दोन्ही बाजूंनी ऊन द्यावे, झटकावी, आणि ती थंड झाल्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पेटीत ठेवावी. हे काम जाणाऱ्यांनी करावे. साठी-सत्तरीच्या माणसांनी पाहुणे गेल्यावर पेटीचे जड झाकण उचलत बसावे, हे कोणत्याही घराला शोभत नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सर्वांत अधिक सांगायचे आहे तिच्याकडे येतो. बहुतेक घरांत एक भाऊ किंवा एक बहीण आई-वडिलांजवळ राहिलेली असते. बाकीची भावंडे वर्षातून दोनदा येतात, आईच्या हातचे खातात, गप्पा मारतात. त्या गप्पांना चहा पुरवणारी, नवऱ्याच्या भावंडांची अंथरुणे घालणारी आणि त्याच वेळी सासऱ्यांच्या गोळ्यांची वेळ सांभाळणारी वहिनी मात्र त्या बैठकीत क्वचितच टेकलेली दिसते. सुट्टी संपताना बाहेरून आलेल्या भावंडांच्या हातून एक गोष्ट फार सहज घडते: निघण्याच्या आदल्या रात्री ती सूचना द्यायला लागतात. बाबांना सकाळी फिरायला पाठवत जा, आईच्या गुडघ्यांना दुसरा डॉक्टर दाखवा, तेल कमी वापरा, हिटर नवा घ्या. सूचना चांगल्याच असतात. पण जो माणूस वर्षभर हे सर्व करतो आहे त्याला त्या 'तू कमी पडतोस' अशाच ऐकू येतात. म्हणून माझा आग्रह असा, की शेवटच्या दोन दिवसांत दादा-वहिनींना एकही सूचना देऊ नये. काही सुचलेच असेल तर त्यातील एक काम स्वतःच्या अंगावर घेऊन दाखवावे. विजेचे बिल, आई-वडिलांच्या औषधांची मागणी, विम्याच्या हप्त्याची आठवण, डॉक्टरांची वेळ घेणे, ही कामे पुण्यात बसूनही करता येतात. त्यांपैकी एक काम कायमचे आपल्याकडे घ्यावे, आणि घेतो असे सांगून नव्हे, तर त्याचा पासवर्ड, ग्राहक क्रमांक आणि तारीख वहीत लिहून घेऊन, दादासमोर पहिले बिल भरूनच निघावे.

दुसरे असे, की निघण्यापूर्वीची एक संपूर्ण संध्याकाळ दादा-वहिनींना मोकळी करून द्यावी. त्या संध्याकाळी स्वयंपाक, आई-वडिलांची औषधे, दाराची कडी, रात्रीचे दूध हे सर्व पाहुण्यांचे. त्या दोघांनी कुठे जावे हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे. महाराज बाड्याच्या चौकात फिरून यावे, एखादा कार्यक्रम ऐकावा, किंवा वहिनींनी माहेरी जाऊन आईजवळ दोन तास नुसते पडून राहावे. 'मुलांनाही घेऊन जा' असे मात्र त्या वेळी म्हणू नये. वहिनींचे माहेर याच गावात असूनही सुट्टीभर तिकडे जाणे जमलेले नसते, हे अनेक घरांत घडते, आणि ते बोलून दाखवण्याची त्यांना सोय नसते. सासूबाईंनीच आपण होऊन 'उद्या तू आईकडे जाऊन ये, इकडचे आम्ही बघतो' असे म्हटले, तर त्याची किंमत कोणत्याही साडीपेक्षा अधिक असते.

त्या संध्याकाळी पाहुण्यांना घराची खरी घडी कळते, हाही एक लाभ आहे. बाबांच्या गोळ्यांचा आठवड्याचा डबा भरायला बसावे म्हणजे समजते, की रक्तदाबाची गोळी सकाळची, थायरॉइडची उपाशीपोटी, कॅल्शियमची तिच्यापासून चार तास तरी दूर, आणि दोन गोळ्या रंगाने इतक्या सारख्या की चष्म्याशिवाय ओळखू येत नाहीत. अशा वेळी एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत वेळ, गोळी आणि डब्याचा कप्पा लिहून तो फ्रिजवर लावावा. नातवंडांना आजोबांचा मोबाईल द्यावा आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाचा फोटो लावायला सांगावे. अक्षरे बारीक दिसत असली तरी चेहऱ्यावर बोट ठेवून फोन लावता येतो. हे काम आठ-दहा वर्षांचे मूल अर्ध्या तासात करते, आणि ते करताना 'हे कोण, ते कोण' असे विचारत आजोबांकडून अर्ध्या घराण्याची माहिती काढून घेते.

थंडीच्या संदर्भात एक तपासणी कोणी टाळू नये. आपल्याकडे पारा चार-पाच अंशांवर उतरतो तेव्हा वृद्ध माणसे खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेतात. बंद खोलीत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू साठतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला त्याची जाणीवही होत नाही. न्हाणीघरातल्या गॅस गिझरचेही तेच आहे. शेगडी झोपण्यापूर्वी बाहेर गेलीच पाहिजे आणि न्हाणीघराची झडप उघडी राहिलीच पाहिजे, हे आई-वडिलांशी बोलून पक्के करावे. झडपेला कागद चिकटवून थंडी अडवलेली असेल तर तो आपल्या हाताने काढून टाकावा.

धुण्या-भांड्याला येणाऱ्या मावशींचा विचार पुष्कळदा बक्षिसाच्या पाकिटापाशी संपतो. पाकीट द्यावेच, आणि तेही जाणाऱ्यांनी स्वतःच्या हातांनी द्यावे. परंतु आठ-दहा दिवस त्यांनी चारऐवजी दहा माणसांची भांडी थंड पाण्यात घासलेली असतात, म्हणून शेवटच्या दोन दिवसांत गरम पाण्याची बादली त्यांच्यासाठी वेगळी काढून ठेवावी, रात्रीची भांडी घरातल्यांनी मिळून घासून टाकावीत आणि पाहुणे गेल्यानंतर एक दिवस त्यांना पगारी सुट्टी द्यावी. ही सुट्टी आधी ठरवून सांगावी, म्हणजे त्यांनाही आपल्या लेकरांसाठी काही बेत करता येतो.

शेवटच्या मोकळ्या दिवशी सर्वांनी मिळून एकदाच बाहेर पडावे, आणि दुपारी पडावे. जयविलास महालातील जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी मुलांना दाखवायची राहिली असेल तर ती दाखवावी. पण माझी निवड विचाराल तर किल्ल्यावरचे चतुर्भुज मंदिर. किल्ल्याच्या पूर्वेकडील चढणीच्या वाटेवर कातळात कोरलेले हे लहानसे देऊळ आहे, आणि त्यातील विक्रम संवत ९३३ च्या, म्हणजे इ.स. ८७६ च्या शिलालेखात शून्य आजच्यासारखेच लहान वर्तुळ म्हणून कोरलेले आहे. देवाच्या फुलबागेची लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि त्या बागेतून रोज ५० माळा देवाला, असा तो हिशेब आहे. ज्या मुलाला दोन दिवसांनी पुन्हा गणिताच्या वर्गात बसायचे आहे, त्याला आपल्या आजोळच्या गावात कोरलेले ते शून्य शोधून काढायला लावावे. ती वाट चढणीची आणि पायी जाण्याची आहे, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनी उरवाई दरवाजाच्या बाजूने गाडीने वर जाऊन उन्हात बसावे. चढणाऱ्यांनी मंदिर पाहून वर त्यांना येऊन मिळावे. सर्वांनी सर्व ठिकाणी एकत्र असलेच पाहिजे असा आग्रह धरला, की कोणाची तरी दमछाक होते आणि दिवसाचा विरस होतो.

सुट्टी ज्या सणाची आहे त्या सणाचे घर आपल्या शेजारी असेल, तर त्याला विसरू नये. आपण २६ डिसेंबरला नाताळ संपला असे धरतो; ख्रिस्ती परंपरेत मात्र नाताळचे दिवस ६ जानेवारीपर्यंत चालतात, आणि त्या दिवशी पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांनी बाळ येशूचे दर्शन घेतल्याचा सण असतो. पंचवीस तारखेला पाहुण्यांच्या गडबडीत जायचे राहिले असेल, तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शुभेच्छा द्यायला जाणे मुळीच उशिराचे नाही. शाळेत शिकवणारी किंवा रुग्णालयात काम करणारी, केरळातून आलेली कुटुंबे आपल्या वस्त्यांत असतात. गाव दूर असल्याने आणि रजा न मिळाल्याने त्यांतील अनेकांचा सण दोघा-तिघांतच होतो. त्यांच्याकडून केक आला होता ती ताटली आपल्या ओट्यावर पडून असतेच. ती रिकामी परत करायची नाही हा आपल्या घरांचा रिवाज आहे. तिच्यात तिळाच्या वड्या घालून नातवंडांना सोबत न्यावे, आणि पाच मिनिटे का होईना, बसून यावे.

तिळाच्या वड्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो, की संक्रांतीपूर्वीच मुले परत जातात याची खंत करत बसण्यापेक्षा वड्या शेवटच्या मोकळ्या दिवशी सर्वांनी मिळून थापाव्यात. निम्म्या त्यांच्याबरोबर जातील, निम्म्या १४ जानेवारीला घरी लागतील. घरात पहिल्या संक्रांतीचे बाळ असेल तर बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येते, म्हणून हलव्याचे दागिने कापसात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात द्यावेत.

बांधून देण्याच्या बाबतीत मात्र आई-वडिलांना थोडे आवरावे लागते. सहा डबे, दोन बरण्या आणि वर गजक या तिळाच्या मिठाईची पाच पाकिटे दिली, की देणाऱ्याला समाधान मिळते आणि नेणाऱ्याच्या हाताला ओझे. काय हवे ते आधी विचारावे, आणि विचारल्यावर जे उत्तर येईल ते मानावे. गजक मुरैन्याचा असो, त्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, किंवा आपल्या नेहमीच्या दुकानातला असो, तो टिकतो तो कोरडेपणावर: पाक खुंटीवर ओढून ओढून पांढरा करतात, त्यात भाजलेले तीळ घालून लाकडी हातोड्यांनी कुटतात, आणि त्यातूनच ते खुसखुशीत पदर येतात. मुंबईच्या दमट हवेत पाकीट उघडे राहिले तर हे पदर दोन दिवसांत चिवट होतात. त्यामुळे थोडाच द्यावा, हवाबंद डब्यात द्यावा आणि सामानाच्या सर्वांत वर ठेवावा.

प्रवासाच्या शिदोरीत धुक्याच्या दिवसांत एक जेवण जास्तीचे घालावे. दशम्यांसारखा दुसरा पदार्थ यासाठी नाही. कणीक पाण्याऐवजी दुधात, थोडे तूप आणि मीठ घालून घट्ट भिजवावी, अर्धा तास झाकून ठेवावी, पोळीपेक्षा किंचित जाड लाटावी आणि मध्यम आचेवर शेकून पूर्ण निवल्यावरच एकावर एक रचावी. गरम असताना डब्यात भरल्या तर वाफेने ओल धरते आणि दुसऱ्या दिवशी वास येतो. बरोबर लसणाची कोरडी चटणी, लिंबाचे लोणचे आणि चार पेरू. दशम्या करताना मुलाला किंवा जावयाला शेजारी उभे करावे, कारण आईच्या हातची चव पुढे न्यायची असेल तर डब्यापेक्षा कृती नेणे अधिक उपयोगी असते, आणि ओट्याशी उभ्याने होणारे बोलणे बैठकीत होत नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी भिंतीवर लावलेले नव्या वर्षाचे कालनिर्णय खाली काढून सर्वांनी भोवती बसावे आणि पुढच्या भेटीची तारीख ठरवावी. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडते. होळी मार्चमध्ये येते, म्हणजे तिची तिकिटे जानेवारीतच मिळू लागतात. कोण येणार, कोणाला जमणार नाही, त्या वेळी आई-वडीलच तिकडे जातील का, हे स्पष्ट बोलावे. न जमणारे आश्वासन देऊ नये. 'बघू, जमले तर येतो' या उत्तराने वृद्ध माणसे अडीच महिने वाट पाहतात. 'होळीला नाही, पण मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नक्की' असे सांगितले तर थोडे वाईट वाटते, मग ती तारखेवर खूण करतात आणि तिच्या तयारीला लागतात.

निरोपाच्या वेळी देवापुढे सुपारी ठेवणे, हातावर दही घालणे, औक्षण, हे ज्या घरात जसे असेल तसे शांतपणे करावे आणि त्यासाठी गाडीच्या वेळेतून अर्धा तास राखून ठेवावा. कोणाला रडू आले तर येऊ द्यावे. 'रडायचे काय त्यात' असे म्हणून गप्प करू नये. लहान मुलांना आजीच्या पाया पडायला ढकलण्यापेक्षा त्यांनी तिला स्वतःहून काय द्यायचे ते आधी ठरवू द्यावे. कोणी चित्र देते, कोणी आपला अर्धा खाऊ देते.

पोहोचल्याचा फोन सर्वजण करतात. त्यापेक्षा गरज असते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशीच्या फोनची, कारण तोवर शेजारीपाजारी 'गेली का मुले' असे विचारून गेलेले असतात आणि दुपार लांबलेली असते. हा फोन दादालाही वेगळा करावा, आणि बिल भरले, औषधे मागवली, एवढे सांगून त्याचे कसे चालले आहे ते विचारावे. सुट्टीतले पंधरा-वीस निवडक फोटो जवळच्या दुकानात कागदावर छापून टपालाने पाठवावेत. मोबाईलमधले शेकडो फोटो आजी पुन्हा शोधू शकत नाही, छापलेले मात्र ती उशाशी ठेवते आणि संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीला दाखवते. ते १४ तारखेच्या आत पोहोचावेत असे पाहावे.